मोकळ्या हाताची खूण

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय, ते खरं सांगायचं तर चुका काढायला. एकानं लिहिलं होतं, अमावास्येची रात्र होती आणि चांदण्यात बाई उभी होती... असं काही सापडलं की बायकोला मोठ्यानं वाचून दाखवायचं. भुताखेतांचं सोडाच, मी दूधवाल्याच्या मापावर विश्वास ठेवत नाही. रात्री गॅस बंद केलाय का ते तीनदा बघतो. बायको म्हणते, "तुमी सासूच्या चहातबी माशी शोधताय." शोधतो. आणि एकदा सापडली होती.

घरात हा स्वभाव तापदायक असेल, पण माझ्या नोकरीत तो लागतो. मी कोल्हापूरच्या विमानतळावर मार्शलर आहे. विमान उतरून जागेवर लागायला येतं तेव्हा त्याच्यासमोर दोन हातांत दोन बॅट घेऊन जो माणूस उभा असतो, तो मी. विमानं लावायच्या त्या काँक्रीटच्या मैदानाला आम्ही रॅम्प म्हणतो. पायलटला स्वतःच्या चाकांखालचं काही दिसत नाही, तो माझ्या हातांकडे बघून पुढे येतो. आणि मला पंखापलीकडचं दिसत नाही, म्हणून पंखाच्या टोकापाशी आमचा आणखी एक माणूस उभा असतो - विंग वॉकर. त्यानं अंगठा दाखवला की वाट मोकळी. त्यानं डोक्यावर हातांची फुली केली की थांबायचं. आणि तो दिसेनासा झाला तरीही थांबायचंच, असा नियम आहे.

कंपनीचं नाव देत नाही आणि माणसांची खरी नावंही नाहीत. माझं नाव विलास समजा, राहणार शिवाजी पेठ. आमचे विंग वॉकर गफूरभाई. राहायला पेठ वडगावला, वय सत्तावन्न, नोकरीचे शेवटचे दोन-तीन महिने राहिलेले. तरुणपणी दहा-बारा हंगाम त्यांनी बिद्रीच्या कारखान्याला ट्रॅक्टरनं ऊस ओढला, मग इथं आले. सगळ्या रॅम्पवर मी ज्याच्या अंगठ्यावर डोळे झाकून विमान पुढे घ्यायचो असा हा एकच माणूस. माझ्यासारख्यानं हे म्हणणं म्हणजे काय, ते माझ्या बायकोला विचारा.

तर गोष्ट फेब्रुवारीतली, दुपारी चारच्या सुमाराची. आमच्याकडे गर्दी म्हणजे दोन विमानं एका वेळी. एरवी एक जातं, मग दुसरं येतं. त्या दिवशी पहिलं विमान काहीतरी बिघाडानं बे नंबर एकवर - बे म्हणजे विमान उभं करायची आखलेली जागा - अडकून पडलं होतं आणि दुसरं बे नंबर दोनवर येणार होतं. मधल्या जागेत सगळा संसार पसरलेला - सामानाच्या ट्रॉल्या, शिडी, पाण्याची गाडी. त्यात शेजारच्या शिवारात कुणीतरी उसाचं पाचट पेटवलेलं. काळी काजळी उडत येऊन रॅम्पवर पडत होती आणि धुरातून ऊन पिवळट दिसत होतं.

विमान यायच्या आधी रॅम्पवरून चालत खडे, स्क्रू, प्लास्टिक वेचायचं असतं. विमानाच्या पुढच्या पंख्याच्या वाऱ्यानं खडा उडाला तर गोफणीतून सुटल्यासारखा जातो. मी चालत ट्रॉल्यांपाशी आलो आणि बघतो तर एका ट्रॉलीच्या चाकाला नारळाएवढा दगड लावलेला! डोकं फिरलं. आता, कोल्हापुरात उसाची ट्रॉली उभी केली की चाकाला दगड, हे कुणाला शिकवावं लागत नाही. आमच्या ट्रॉल्यांना खरं तर ब्रेक असतो, दांडा उभा केला की लागतो. पण त्या ट्रॉलीचा ब्रेक ढिला होता आणि तक्रार लिहीत बसण्यापेक्षा दगड सोपा. कुणी लावला असेल ते मला लगेच कळलं. उसातली सवय एकाचीच होती.

मी दगड उचलला, कचऱ्याच्या बादलीत टाकला. चाकाला रबरी ठोकळा लावायचा म्हणून तो आणायला निघालो, तेवढ्यात वॉकीटॉकीवर आलं - दुसरं विमान उतरलं. मी बॅट घेऊन माझ्या जागेवर पळालो. ठोकळा राहिला तो राहिलाच.

विमान वळून सरळ माझ्यासमोर आलं. पंख्याचं छोटं विमान, दोन्ही बाजूंना दोन मोठे पंखे गरगरताहेत. माझ्या डाव्या हाताला पंखाच्या टोकाच्या रेषेत गफूरभाई उभे. त्यांनी अंगठा दाखवला. मी विमान पुढे घेत होतो. ट्रॉल्या त्याच बाजूला होत्या, पण मधे पाण्याची गाडी असल्यानं मला दिसत नव्हत्या. माझ्या मागून, बिघाड निघालेल्या पहिल्या विमानात बसायला माणसं रांगेनं चालली होती, कडेवर पोरं घेतलेल्या बायका, पिशव्या, एक म्हातारे आजोबा.

पुन्हा डावीकडे बघितलं. पिवळं जाकीट, टोपी. उन्हात चेहरा दिसत नव्हता. त्यानं दोन्ही हात डोक्यावर सरळ उचलले आणि कडक फुली केली. थांब!

मी मान हलवली आणि बॅटची फुली केली. विमानानं करकचून ब्रेक मारला, नाक खाली दबून वर आलं. पायलट काचेतून हातवारे करून विचारतोय, काय झालं? मलाही ठाऊक नव्हतं. मी त्याला पंखे बंद करायची खूण केली. पंखे थांबले आणि पाण्याच्या गाडीमागून कण्हण्याचा आवाज आला.

पळत गेलो. ट्रॉली उतारानं घरंगळत विमानाच्या वाटेत आली होती. तिच्यापुढे, काँक्रीटवर आडवे पडलेले गफूरभाई. एक पाय चाकाखाली अडकलेला. आणि त्यांच्या डोक्यापासून पंख्याचं पातं... दीड हात. मी स्वतः हात लावून बघितलं. दीड हात!

मी म्हणालो, "गफूरभाई, तुमी तर तिकडं हुता!"

ते दात-ओठ खात म्हणाले, "कुठं तिकडं? मगाचपास्नं ट्रॉली धरून बोंबलतोय की मी हितं. आधी पाय काढ."

पाय मोडला नव्हता, घोटा सुजला. ती ट्रॉली पंख्यात गेली असती तर तुकडे त्या चालणाऱ्या रांगेत गेले असते. आणि गफूरभाईंचं काय झालं असतं ते मला आजही लिहवत नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती चपात्या लाटत होती. तिच्या हातातलं लाटणं घेतलं, दुसऱ्या हातात उलथनं धरलं आणि डोक्यावर फुली करून दाखवली - अशी केली त्यांनी, अशी!

ती पिठाच्या हातानं तशीच बघत राहिली. म्हणाली, "अवो, पण गफूरभाईंचा उजवा हात वर जातोय व्हय? गेल्या सालापास्नं खांदा धरलाय, शर्टबी बसून घालत्यात, असं तुमीच सांगत हुता की."

खरं होतं. त्यांची फुली नेहमी वाकडी असायची, उजवा हात कानाशीच अडायचा. आम्ही चेष्टा करायचो. मी जी बघितली ती फुली सरळ होती.

लाटणं ओट्यावर ठेवलं. 

दुसऱ्या दिवशी आमच्या कंपनीच्या इथल्या प्रमुख, स्टेशन मॅनेजर मॅडमच्या खोलीत कॅमेऱ्याचं चित्रण बघितलं. मॅडम पुण्याच्या, बोलणं मोजकं. चित्रणात गफूरभाई जागेवर उभे आहेत, अंगठा दाखवतात. मग ते माझ्या दिशेनं बघतात, मान हलवतात आणि एकदम पळत पाण्याच्या गाडीमागे जातात. त्यानंतर ती जागा रिकामी. काही सेकंदांनी मी त्या रिकाम्या जागेकडे बघतो, मान हलवतो आणि बॅटची फुली करतो. जागेवर कुणी नाही. सावलीसुद्धा नाही. बाकीची सगळी माणसं मी चित्रणात बोट ठेवून मोजली, ज्याची त्याची जागा बरोबर होती.

मॅडमनी विचारलं, "तुम्ही विमान का थांबवलंत?"

"विंग वॉकरनं फुली केली."

"कुठल्या विंग वॉकरनं, विलास?"

 त्यांनी चित्रण बंद केलं आणि शांतपणे म्हणाल्या, "हे बघा, विंग वॉकर दिसला नाही तर विमान थांबवायचं, असा नियम आहे. तुम्हाला तो दिसला नाही, तुम्ही थांबवलंत. बरोबर काम केलंत. तेवढंच लिहा. तुम्ही दोघांनी मिळून काही गोष्ट रचली असं वाटलं, तर दोघांचेही पास जातील."

पास गेला म्हणजे नोकरी गेली.

आता माझा स्वभाव बघा. त्या क्षणी मला वाटायला हवं होतं की गफूरभाईंचं काय होईल? ते नाही वाटलं. माझ्या डोक्यात दुसरंच घोळत होतं... हा माणूस जागा सोडायच्या आधी मान कुणाला हलवतोय? मी तर त्यांना काहीच खूण केली नव्हती, माझ्या दोन्ही बॅट सरळ विमानाकडे होत्या, चित्रणात स्वच्छ दिसत होतं. म्हणजे पलीकडे कुणाशी तरी यांचं काही ठरलेलं होतं. म्हातारा काहीतरी लपवतोय. बाहेर त्यांना विचारलं तर म्हणाले, "ट्रॉली हाललेली दिसली, गेलो. माझ्या मनानं गेलो." हे बोलताना माझ्याकडे बघितलं नाही. माझा संशय पक्का झाला.

मी लिहून दिलं - विंग वॉकर जागेवर दिसला नाही म्हणून विमान थांबवलं. दगडाचा विषय काढला नाही. दगड मी काढला आणि ठोकळा लावला नाही, हे माझ्याशिवाय कुणाला ठाऊक होतं?

मला कंपनीचं शाबासकीचं पत्र मिळालं. गफूरभाईंना विमान चालू असताना जागा सोडली म्हणून रॅम्पवरून काढलं आणि बाहेर गाड्या लावायच्या जागी शिट्टी देऊन उभं केलं. उरलेले दिवस तिथंच. मी सकाळी गाडी लावायला जायचो तेव्हा ते शिट्टी न वाजवता नुसता हात करायचे. मी बघितलं न बघितलंसं करून आत जायचो. मनात म्हणायचो, खरं बोलला असता तर वाचला असता.

महिन्याभरानं ईद आली. दरवर्षी गफूरभाई आमच्या घरी शिरखुर्म्याचा डबा पाठवतात. यंदा येणार नाही असं मी धरून चाललो होतो. आला. त्यांच्या भाच्याच्या हातून, नेहमीचाच तीन कप्प्यांचा डबा. मी डब्याकडे बघत बसलो. बायको म्हणाली, "काय बघताय? माशी?" आणि पोरांना वाट्या भरून दिल्या.

डबा रिकामा परत द्यायचा नसतो. दोन दिवसांनी तिनं त्यात शेंगदाण्याचे लाडू भरले आणि माझ्या हातात ठेवला. म्हणाली, "तुमीच जावा. आणि त्वांड उघडा तिथं."

वडगावला गेलो तेव्हा गफूरभाई दारात खुर्ची टाकून बसले होते, घोट्याला अजून पट्टी. "या पावणं," म्हणाले. पावणं! बावीस वर्षांची ओळख. ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चहा झाला. मग मीच विचारलं, "गफूरभाई, एकच सांगा. जागा सोडायच्या आधी तुमी मान कुणाला हालवली?"

 ते एकदम भडकले. "आता हे मला इचारतोस? तुला हालवली की! तूच हात केलास न्हवं मला? ट्रॉली बघ, ट्रॉली बघ म्हणून? तू खुणावलंस म्हणून गेलो मी!"

"मी?"

"मग कोण, तुझा बा? समोर हुतास की. उजव्या हातानं असं असं केलंस." त्यांनी डावा हात उचलून, तळवा उघडून ट्रॉलीकडे जायची खूण करून दाखवली. "हुता उजवाच, माझा उजवा वर जाईना म्हणून डाव्यानं दावतोय."

"आणि मॅडमना सांगितलं न्हाई?"

"काय सांगू? मार्शलरनंच मला जागेवरनं हालवलं म्हणू? चालू विमानाम्होरं? तुझा पासच गेला असता. तुझी पोरं शिकाय लागल्यात, माझं काय, दोन महिनं." पुढे म्हणाले, "आणि चाकाचा दगड तू काढलेला मी बघितलावता. तेबी बोललो न्हाई. दगड लावायची चूक माझीच की. वाटलं, ह्यो आपल्या तोंडानं बोलंल आज न उद्या. तू पत्र घिऊन मोकळा झालास."

 या माणसावर मी महिनाभर संशय घेतला, आणि हा महिनाभर माझ्यासाठी तोंड मिटून उन्हात शिट्टी घेऊन उभा होता. मला माझीच शरम वाटली, इतकी की लाडवाचा डबा मांडीवरून खाली ठेवायचंही सुचलं नाही.

मग एक गोष्ट लक्षात आली.

"गफूरभाई, मी खूण केली तवा हातात बॅट हुती का?"

ते आपलाच उघडा तळवा बघत बसले.  मग हळू म्हणाले, "न्हवती... मोकळा हात हुता. तळवा दिसला मला."

माझे दोन्ही हात त्या वेळी बॅटसकट विमानाकडे होते. चित्रण मी दहा वेळा बघितलंय. मग मी त्यांना सरळ फुलीचं सांगितलं, जी त्यांच्या जागेवर उभं राहून कुणीतरी मला केली होती. त्यांनी आतून बायकोला हाक मारून पाणी मागितलं आणि दोन तांबे प्याले.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना दुसरं लिहून दिलं. दगड मी काढला, ठोकळा मी विसरलो, ट्रॉली घरंगळली ती त्यामुळे, आणि गफूरभाईंनी धरली नसती तर मला थांबवायला वेळच मिळाला नसता. खुणांचंही खरं ते लिहिलं. मॅडमनी तो परिच्छेद दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "हे मी वर पाठवू शकत नाही." तेवढा भाग त्यांनी वेगळा काढून मला परत दिला. शाबासकीचं पत्र गेलं. मला मार्शलरच्या कामावरून सहा आठवडे काढलं आणि पुन्हा प्रशिक्षणाला बसवलं. ढिल्या ब्रेकच्या ट्रॉल्या हलवल्या. आणि गफूरभाईंना शेवटचे अठरा दिवस रॅम्पवर परत घेतलं. ते महत्त्वाचं होतं.

त्यांच्या शेवटच्या दिवशी विमान लागल्यावर आम्ही दोघं बे नंबर दोनवर जरा उभे राहिलो. मी त्यांच्या जागेवर जाऊन बघितलं, तिथून मी उभा असतो ती जागा स्वच्छ दिसते. चुकायला वाव नाही. धूर, काजळी, ऊन, सगळं धरून बघितलं. दोन माणसांना एकाच वेळी भास झाला म्हणावं, तर दोन्ही भास अगदी कामाचे कसे? एकानं त्यांना ट्रॉलीकडे धाडलं, दुसऱ्यानं विमान थांबवलं. इथं आधी कुणी मेलंय का, काही झालंय का, याची मी माझ्या पद्धतीनं सगळी चौकशी केली. काहीही नाही. पूर्वी माळ होता, एवढंच कळलं.

"कोण असंल हो?" मी विचारलं.

गफूरभाईंनी जाकीट काढलं. एका हातानं काढायला वेळ लागला, मी बाही धरली. म्हणाले, "कोण का असंना. तुला संशयच घ्यायचाय न्हवं? इतकं दिवस माझ्यावर घेतलास, आता जरा त्याच्यावर घे."

घेतोय. आता मी परत बॅट घेऊन उभा असतो. विमान यायच्या आधी रॅम्पवरची माणसं मोजायची असतात, कुणी कमी नाही ना ते बघायला. मी दोनदा मोजतो. दुसऱ्यांदा मोजतो ते एखादा जास्त नाही ना, हे बघायला. अजून तरी आकडा बरोबरच येतोय. फक्त गफूरभाई निवृत्त झाल्यापासून तो बरोबर आला की मला हायसं वाटत नाही, एखादा जास्त निघावा असं वाटतं.